रडका दोर

ओट्यापाशी पातेल्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर कडेवर उभं राहून गरगरत राहिलं. आधी संथ, मग झपाझप, मग एकदाचं चपटं होऊन गप्प पडलं. एरवी मालनबाईंच्या घरात असं झाकण पडलं असतं, तर त्याचा आवाज विरायच्या आत ‘कुनाच्या हाताला भोकं पडल्यात गं’ असं ओसरीवरून आलं असतं. आज कुठूनच काही आलं नाही, कारण झाकण मालनबाईंच्याच हातून पडलं होतं.

त्यांची सून ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासूबाईंचा हात अजून झाकण धरल्यासारखा हवेत होता आणि बारीक थरथरत होता. कपाळावर घाम होता. रक्तातली साखर मोजायला दंडावर चिकटवलेली चकती इशाऱ्याची पिवळी झाली होती. ऋतुजाने पुढे होऊन त्यांना पाटावर बसवलं, चमचाभर साखर तोंडापुढे धरली. मालनबाईंनी मान फिरवली.

“आई, साखर खाली गेलीय तुमची. दोन घास तरी खाऊन घ्या.”

“सांजच्याला,” त्या म्हणाल्या. “एकदाच खायचं म्हटलंय मी. मोडायचं न्हाई.”

नागपंचमी होऊन गेल्यापासून हे असंच चाललं होतं. मालनबाईंची लेक समृद्धी पंचमीला माहेरी आली होती, झोक्यावरून पडली, आणि तेव्हापासून आतल्या खोलीत पलंगावर होती. डॉक्टरांनी मांडीच्या हाडात आपोआप विरघळणारी जाळी बसवली होती. हाड भरेल म्हणत होते, पण कधी, ते कुणी छातीठोक सांगत नव्हतं. आणि लेक स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत मालनबाई एकवेळ जेवणार होत्या, पायात चप्पल घालणार नव्हत्या. कारण पंचमीच्या सकाळी त्यांच्या हातून भेंडी चिरली गेली होती. पंचमीला चिरायचं नसतं, कापायचं नसतं, तव्यावर काही टाकायचं नसतं. उकडलेली दिंडं खायची. पण पाहुण्यांच्या गडबडीत ध्यान राहिलं नाही, विळी पुढ्यात ओढली गेली, आणि त्याच दिवशी झोका तुटला. मालनबाईंच्या लेखी यापुढे विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ऋतुजाला माहीत होतं की भेंडीचा यात काही संबंध नाही. पहिल्या क्षणापासून माहीत होतं. ती साखरेचा चमचा तसाच हातात धरून उभी राहिली.

दोर तिनेच आणला होता.

पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत ती काम करायची, तिथे हे दोर घडत. वरून साध्या अंबाडीच्या दोरासारखे दिसायचे, पण पोटात केसाएवढा कार्बनचा एक धागा घातलेला असायचा. दोर ताणला की तो धागाही ताणला जायचा, त्यातून जाणारी वीज थोडी अडायची. किती अडली त्यावरून दोराच्या टोकाशी बसवलेली चिमुकली डबी भार किती आलाय ते ओळखायची. भार हद्दीबाहेर जायला लागला की डबी पींऽपीं करायची आणि फोनवरही सांगायची. विहिरीच्या मोटरी, बांधकामाचे पाळणे, देवळातल्या घंटा, सगळीकडे हे दोर गेले होते. कुठल्या भाराला दोराने ओरडावं, हे ठरवणाऱ्या गटात ऋतुजा होती. घरी लेकीला, मनूला, तिने सोप्या शब्दांत सांगितलं होतं: मम्मी दोरांना रडायला शिकवते.

या दोरांमुळे एक गोष्ट झाली होती, जी प्रयोगशाळेत कुणाच्या गणितात नव्हती. पूर्वी गावात झोका बांधला की आधी ज्वारीचं पोतं बसवून हेलकावे द्यायचे, फांदीवर पोरगा चढवून साल तपासायची, म्हाताऱ्या बाया दोर हाताने चाचपायच्या. आता ते सगळं बंद झालं. दोर सांगेल की. आणि झोके पूर्वीपेक्षा उंच चढायला लागले.

झोक्याचं गणित तसं शाळेतलंच. पाटावर माणूस नुसता उभा असतो तेव्हा दोराला त्याचं वजन तेवढं पेलायचं असतं. झोका सुटला की माणूस सरळ निघून जाऊ पाहतो आणि दोर त्याला सारखा आत ओढून वर्तुळात ठेवतो. ही ओढ वजनाच्या वर. तळाशी वेग सगळ्यात जास्त, तिथे वजन आणि ओढ दोन्ही एकदम दोरावर येतात. झोका इतका चढला की दोर पार आडवा झाला, तर तिथून खाली येताना तळाशी दोरावर वजनाच्या तिप्पट ताण येतो. दोर लांब असो की आखूड, हा हिशेब बदलत नाही. झोका कितपत चढला एवढंच बघायचं. वर टोकाला मात्र दोर सैल असतो, क्षणभर अंगाला वजनच उरत नाही, पोटात गोळा येतो आणि बाया ओरडतात. भीती सगळ्यांना वरच वाटते. दोर तुटायचा तो खाली, जिथे झोका सपकन जमिनीजवळून जातो आणि बघणारे हसत असतात.

पंचमीच्या दिवशी गावाबाहेरच्या चिंचेखाली बाया जमल्या होत्या. ऋतुजाने आणलेल्या दोराच्या दोन्ही टोकांना पक्क्या कड्या बसवलेल्या होत्या. त्या फांदीवरच्या साखळीत अडकवल्या आणि लक्षात आलं की दोर फारच लांब आहे, पाट जमिनीला टेकतोय. ऋतुजाच्या बॅगेत जादा कड्या होत्या आणि त्या आवळून बसवायचं हत्यारही होतं. दोर कापायचा, नवी कडी बसवायची, चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. मालनबाईंनी सुनेची अडचण ओळखून स्वतःच गवत कापायचा विळा तिच्यापुढे धरला.

“काप की,” त्या म्हणाल्या. “देव काय इळ्याकडं बघत बसलाय व्हय?”

सगळ्या बाया ऋतुजाकडे बघत होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ऋतुजाने सगळ्यांदेखत सुरीने सफरचंद कापून खाल्लं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं ती गावात ‘सफरचंदाची सून’ होती. समोर कुणी काही म्हणायचं नाही. पण हळदीकुंकवाला ती बसली की बोलणं एकदम दुसरीकडे वळायचं. मनू झाल्यावर तिला वाटायला लागलं होतं की आपल्या लेकीला तरी या अंगणात परक्यासारखं वाटू नये.

“आज नको, आई,” ती म्हणाली. “पंचमी आहे. गाठी मारून आखूड करू.”

बायांमध्ये एक खूश कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “बघा, शिकली गं बाई तुमची सून.” मालनबाईंचा चेहरा असा फुलला की त्यांनी तिथेच सुनेच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऋतुजाने दोन्ही बाजूंना, हाताच्या उंचीवर, एकेक गाठ मारली. छान आवळून मारली. डोक्यात कुठेतरी मागे तिला तिचंच वाक्य ऐकू येत होतं, जे ती प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना सांगायची: गाठीत दोर वळतो, वळणाच्या बाहेरचे तंतू ताणून मरतात, आतले नुसते चेंगरून बसतात, आणि साध्या एका गाठीने दोराची जवळजवळ निम्मी ताकद जाते. ऐकू येत होतं आणि ते तिने ऐकलं नाही. लहान पोरी पायांनी माती उडवत बसतील, फार तर एखादी सासुरवाशीण थोडे हेलकावे घेईल, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

पाटावर कुणी बसायच्या आधीच दोर ओरडायला लागला. पोरी खिदळल्या. एक म्हातारी म्हणाली, रडका दोर आणलास गं, याला दूध पाजून आणायचं हुतं. सगळ्या हसल्या. ऋतुजाही हसली. गाठीत आतला धागा पिळला जातो आणि डबी गोंधळते, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी फोनवर एक सोयही ठेवलेली होती, गाठीचा इशारा बंद करायची. ती सोय ठेवावी की नाही यावर महिनाभर वाद झाला होता, आणि नको म्हणणाऱ्यांत ऋतुजा होती. आता तिने फोन काढला, मान खाली घालून ती सोय शोधली आणि दोर गप्प केला. मनू तिच्या ओढणीला धरून उभी होती. तिने विचारलं, “रडायचा थांबला?” ऋतुजा म्हणाली, “हो, समजूत काढली त्याची.”

मग समृद्धी आली. लग्नानंतरची पहिली पंचमी. हिरव्या साडीचा काष्टा घालून, मैत्रिणीला समोर घेऊन ती पाटावर उभी राहिली. दोघींनी गुडघे मोडून झोका चढवायला सुरुवात केली. शेंड्याचा पाला तोडायची पैज होती. झोका चढत गेला, बाया टाळ्या पिटत होत्या, नि ऋतुजाच्या मनात आपोआप बेरीज होत होती, दोघींचं वजन, कोन, तळाचा ताण, एका बाजूला किती, गाठीने निम्म्या झालेल्या दोराची हद्द किती. बेरीज हद्दीच्या पलीकडे गेली तेव्हा तिने तोंड उघडलं. “समू, बास आता,” एवढंच म्हणाली, तेही हसत, कारण एवढ्या बायांत दरडावून बोलणं बरं दिसलं नसतं. टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुढच्याच खेपेला, अगदी तळाशी, डाव्या बाजूचा दोर गाठीवर तुटला.

मैत्रीण जागीच घसरली, खरचटण्यावर भागलं. समृद्धी पुढे फेकली गेली, वर्तुळ सुटलेली वस्तू जशी सरळ जाते तशी सरळ, थेट बांधाच्या दगडांवर.

तालुक्याच्या दवाखान्यात समृद्धीच्या सासूबाई आल्या आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं की हे झालं कसं. हा नवा दोर म्हणे तुटत नाही, मग तुटला कसा? सगळ्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. दोराचं तिलाच कळणार. तिने श्वास घेतला. शब्द ओठांवर होते, याची ती पुढे स्वतःशी कितीदा तरी शपथ घेणार होती. पण त्याआधीच मालनबाई मटकन बाकावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाल्या, “माझ्यामुळं. सकाळी भेंडी चिरली मी.”

आणि ऋतुजाला हायसं वाटलं. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून घ्यावी तसं. ते हायसं वाटणं क्षणभरच टिकलं, पण ती नंतर त्याच्यापाशीच परत परत येऊन थांबायची. गाठ मारली, दोर गप्प केला, या चुका म्हणता आल्या असत्या. सासूबाई रडत असताना आपल्याला बरं वाटलं, याला तिच्याकडे शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच चिंचेपाशी गेली. उजव्या बाजूची गाठ तशीच होती, ताणाने दगडासारखी झालेली. तिने नखं रुतवून ती सोडवली. बोटं सोलवटली. का सोडवली ते तिने स्वतःला विचारलं नाही. रात्रभर दवाखान्यात बसलेल्या नवऱ्याने, अजिंक्यने, दोर हातात घेऊन उलटापालटा केला, तेव्हा ती म्हणाली की फांदीला घासला असेल. त्याने मान डोलावली. तिच्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

घरात दिवस तसे गेले. समृद्धी पलंगावरून सगळ्यांची माफी मागायची. मीच उंच चढवला वहिनी, मलाच मस्ती आली होती, असं म्हणायची, आणि ऋतुजा तिची वेणी घालत राहायची. वेणी इतकी घट्ट व्हायची की समृद्धी शेवटी म्हणाली, “वहिनी, केस उपटून न्यायचेत का पुण्याला?” दोघी हसल्या. मालनबाई अनवाणी नागोबाच्या ठाण्याला जायच्या, बांधावरच्या काट्यांनी तळपाय चिरून यायच्या. मनू आजीच्या पायाला हळद लावायची. लावताना फुंकर घालायची आणि गंभीरपणे विचारायची, “भेंडीला खूप राग येतो का गं आज्जी?”

आणि आज झाकण पडलं.

मालनबाईंची थरथर थांबेना. ऋतुजाने चमचा बाजूला ठेवला, गुळाचा खडा घेतला, त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. मनू तिथेच, दाराच्या उंबऱ्याशी शिवणाच्या रिळाशी खेळत होती. तिला बाहेर पाठवावं असं ऋतुजाच्या मनात आलं. मग तिला वाटलं, पाठवलं तर आपण बोलणार नाही. परत काहीतरी कारण निघेल.

“आई, भेंडीमुळे काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “दोर माझ्यामुळे तुटला.”

मग तिने सगळं सांगितलं. सफरचंदापासून सांगितलं. विळा समोर होता, कापायला हवा होता, बायांनी चांगलं म्हणावं म्हणून कापला नाही. गाठीने दोर निम्मा होतो हे ठाऊक होतं. दोर ओरडत होता, मी त्याचं तोंड बंद केलं. नंतर उरलेली गाठही सोडवून टाकली. बोलताना तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा कोरडा येत होता, तो तिला बदलता येईना. मालनबाईंना पटेना असं दिसल्यावर तिने मनूच्या हातातलं रीळ घेतलं, दोरा तोडला, मध्ये गाठ मारली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं. ओढा म्हणाली. दोरा गाठीवर तुटला. दुसरा घेतला. तोही गाठीवर. तिसऱ्या वेळी मालनबाईंनीच हात मागे घेतला.

“गाठीवर तुटतोय,” त्या म्हणाल्या. “खरं हाय. पर आमच्या आज्ज्यापंज्यापास्नं गाठी मारत आलोय आमी. कवा तुटला न्हाई. त्याच दिशी का तुटावा?”

ऋतुजाने सांगायचा प्रयत्न केला. तेव्हाचे दोर मनगटाएवढे जाड असायचे, हा बोटाएवढा. तेव्हा झोके एवढे चढायचे नाहीत. तेव्हा पोतं बसवून बघायचे, आता दोरावर भरवसा ठेवतात, आणि मी तर तो भरवसाही मोडला. पण तिच्या लक्षात आलं की सासूबाई दोराचं ऐकतच नाहीत. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघतायत, आणि त्यांचे डोळे भरून आलेत. रागाने नव्हे.

“बास कर, पोरी,” मालनबाई म्हणाल्या. “माझा जीव जाळू नये म्हनून सोताच्या अंगावर घेतीस व्हय?”

“आई, मी खरं सांगतेय.”

“कळतंय मला. येवढं शिकलेली तू. तू आशी चूक करशील, हे मी मानू? माझ्या समूनं बी माझ्यासाठी येवढं केलं नसतं.”

त्यांनी हात उचलला. तो त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि केसांवरून हळूहळू फिरवायला लागल्या, आजारी लेकराच्या फिरवावा तसा. गुणाची माझी बाय, असं पुटपुटत राहिल्या. ऋतुजा मान खाली घालून बसली. गुळाचा खडा तिच्या मुठीत विरघळून बोटांना चिकटत होता. इतके दिवस मनाशी घोकलेलं सगळं बोलून झालं होतं, एक शब्द मागे ठेवला नव्हता, आणि वर तिला शाबासकी मिळत होती. पंचमीच्या दिवशी गालांवरून फिरला तोच हात, तसाच. तिला वाटलं, आता आणखी काय करायचं असतं? आता कुणाला काय सांगितलं म्हणजे ते खरं धरतात?

मनूने जमिनीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा केले होते. एकेक तुकडा उजेडात धरून ती गाठ कुठे होती ते बघत होती. मग तिने ते फ्रॉकच्या खिशात घातले आणि आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

“मम्मी, मग तू हॉस्पिटलमध्येच का नाही सांगितलंस?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या गोष्टीतलं मधलं पान राहून गेलंय आणि ते आईला ठाऊक असणार, अशा खात्रीने ती विचारत होती. ऋतुजाने तिच्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. हॉस्पिटलमधलं ते बाकडं तिच्या डोळ्यांपुढे आलं, त्यावर तोंड झाकून बसलेल्या सासूबाई आल्या, आणि ते हायसं वाटणं आलं. स्वयंपाकघरात इतकं शांत झालं की आतल्या खोलीत समृद्धी कूस बदलल्याचं ऐकू आलं.

केसांवरून फिरणारा हात थांबला. थांबला, आणि थोड्या वेळाने अलगद उचलला गेला. ऋतुजाला मान वर करून सासूबाईंकडे बघवलं नाही. त्या आता आपल्याकडे बघतायत, आणि या वेळी त्यांना पटलंय, हे तिला न बघताच कळलं.

मनूने आईचा चिकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हलवला.

“सांग ना मम्मी. आज्जी रोज उपाशी राहायची, तेव्हा का नाही सांगितलंस?”